एका टँकमध्ये एकच थवा : वाचकांचे प्रश्न

निऑन, रासबोरा, झेब्रा अशा थव्याने राहणाऱ्या छोट्या माशांबद्दल पुणे आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे : मासे टिकत नाहीत. कारणंही बहुतेक ठिकाणी दोनच निघतात. टँक तयार होण्याआधीच मासे सोडलेले असतात, किंवा एका प्रकारचे बारा घेण्याऐवजी चार प्रकारचे तीन-तीन घेतलेले असतात.

प्रश्न : दोन फुटी टँक (२४ × १२ × १२ इंच) घेतला. त्याच दिवशी खडी, फिल्टर आणि मासे आणले : ४ निऑन, २ एंजल, २ टायगर बार्ब, १ गोल्डफिश. पाण्यात अँटी-क्लोरीन घातलं होतं. पाणी अजूनही आरशासारखं स्वच्छ आहे, तरी आठ दिवसांत तीन निऑन मेले आणि चौथा दिसतच नाही. काय चुकलं? (सिंहगड रस्ता)

उत्तर : चौथा निऑन बहुधा एंजलच्या पोटात गेला असेल. एंजल लहान असताना निरुपद्रवी वाटतो, पण तोंडात मावेल तो मासा तो खातो आणि निऑन त्याच्या तोंडात मावतो. उरलेल्या तिघांचं कारण मात्र डोळ्यांना दिसणारं नाही.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नाही, म्हणून पाणी आरशासारखं दिसतं. जुन्या टँकमध्ये फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जिवाणूंचा थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक आहेत, नायट्रेट त्या मानाने सौम्य. नव्या टँकमध्ये हा थर नसतोच. तो आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ९ मासे आपल्याच अमोनियात पोहत राहतात आणि सगळ्यात आधी निऑन जातात.

पीएच (पाणी आंबट की खारं ते दाखवणारा आकडा, ७ म्हणजे मधला) वाढला की हाच अमोनिया जास्त मारक होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दसपट. पांढऱ्या संगमरवरी चिप्स, शिंपले, पोवळ्यांचे तुकडे यांनी पीएच आणि पाण्याचा जडपणा वाढतो. तुमच्या खडीवर लिंबाचे चार थेंब टाकून बघा. फेस आला तर ती खडी काढून टाका. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्यात काही सोडत नाही, तो चालतो. पण त्यावर पांढऱ्या रेघा असतील तर तिथेही लिंबू टाकून बघा.

आत्ता काय करायचं ते आधी. उरलेले मासे जगवायचे तर पंधरा दिवस रोज एक बादली, म्हणजे १० ते १२ लिटर पाणी बदला. खाणं दिवसाआड एकदाच, एका मिनिटात संपेल इतकं. फिल्टर चोवीस तास चालू ठेवा. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचे थेंबांचे किट मिळतात, ते घ्याच. अंदाजाने हे कळत नाही. गोल्डफिश आणि एंजल दुकानदार परत घेत असेल तर द्या. गोल्डफिश खूप घाण करतो आणि वीतभर वाढतो. एंजलला उंच टँक लागतो. दोनच टायगर बार्ब ठेवले तर ते कंटाळून दुसऱ्यांचे पर कुरतडतात. तेही थव्यातलेच मासे आहेत, पण भांडखोर. शांत माशांबरोबर त्यांना ठेवू नये.

आता निऑनसाठी टँक नीट उभा करण्याबद्दल. तुमच्या टँकमध्ये कागदावर ५६ लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटर धरा. तळाला ४ सेंटिमीटर बारीक गोल खडी किंवा वाळू घाला. बादलीत धुताना पाणी नितळ येईपर्यंत धुवा, साबण लावू नका. फिल्टर तासाला २०० ते २५० लिटर फिरवणारा घ्या, किंवा एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. छोट्या माशांना स्पंज फिल्टर सगळ्यात बरा : प्रवाह मंद असतो, मासा ओढला जात नाही आणि जिवाणूंना भरपूर जागा मिळते. झाडांत जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया ही चिवट झाडं लावा. नदीतली जलपर्णी उचलून आणू नका. तिच्याबरोबर जळवा, किडे आणि नदीतली सगळी घाण घरात येते.

टँक भरून, फिल्टर सुरू करून दर दोन दिवसांनी चिमूटभर फिश फूड टाका, जणू चार-पाच मासे आहेत. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो, नंतर तो उतरत असताना नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टँक तयार. ओळखीच्या कुणाचा सहा महिने चाललेला, रोगमुक्त टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा स्पंज त्याच टँकच्या पाण्यात भिजलेला आणा आणि तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये बसवा. हे काम मग आठवड्या-दीड आठवड्यात होतं. बाटलीत मिळणारे जिवाणू कधी उपयोगी पडतात, कधी नाही. ते घातले तरी मोजणं टळत नाही.

मग अर्धं पाणी बदलून आधी ६ निऑन सोडा. दोन आठवडे अमोनिया शून्य राहिला तर आणखी ६. बस्स. १२ निऑन आणि तळाला हवे असतील तर ५-६ पिग्मी कोरीडोरास, यापुढे या टँकमध्ये एकही मासा नको. दुकानात निवडताना ज्या टँकमध्ये एकही मेलेला मासा नाही तिथूनच घ्या. मासे येऊन किमान आठवडा झाला आहे का ते विचारा, आणि समोर खाणं टाकायला सांगा. जो खायला येत नाही तो मासा घेऊ नका.

घरी आणल्यावर पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग उघडून दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टँकचं पाणी पिशवीत घाला, असं चार वेळा. नंतर मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. मासे बाहेरगावहून बारा-पंधरा तासांचा प्रवास करून आले असतील तर हे फार लांबवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, म्हणून साठलेला अमोनिया तितका बाधत नाही. पिशवी उघडल्यावर पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. अशा वेळी तापमान जुळलं की लगेच सोडलेलं बरं.

प्रश्न : आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर ७०० दाखवतो. निऑन ठेवता येतील का? घरच्या आरओचं पाणी वापरलं तर? (वाघोली)

उत्तर : खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊस, त्यात क्षार कमी. टँकरमधून बहुधा येतं ते बोअरचं पाणी खडकातून झिरपत आलेलं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. निऑन मूळचे अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या ओढ्यांमधले, जिथल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मत्स्यशेतीत वाढवलेले निऑन मध्यम पाण्याशी जमवून घेतात, पण ७०० त्यांच्यासाठी फार आहे. १०० ते २०० ठेवा.

आरओचं पाणी नुसतं वापरू नका. त्यात माशांना आणि जिवाणूंना लागणारे क्षारही नसतात आणि पीएच स्थिर राहत नाही. मिसळा. टँकरचं ७०० आणि आरओचं ३० असेल तर एक भाग टँकर आणि तीन भाग आरओ मिळून साधारण २०० येतो : ७०० अधिक ३० गुणिले ३, म्हणजे ७९०, भागिले ४ म्हणजे १९७. बारा लिटरच्या बादलीत ३ लिटर टँकरचं, ९ लिटर आरओचं. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र कधीही नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात.

काही सोसायट्यांत मिठावर चालणारा सॉफ्टनर बसवलेला असतो. त्याच्या पाण्याने साबणाला फेस येतो, म्हणून ते माशांनाही चांगलं असा समज होतो. तो प्लांट कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. एकूण क्षार तेवढेच राहतात. ते पाणी टँकसाठी घेऊ नका.

टँकरची खरी अडचण आकड्यापेक्षा आकडा बदलत राहण्याची आहे. आज ७००, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विहिरीचं ४५०. म्हणून प्रत्येक वेळी मोजून मगच मिसळा. आणि हा खटाटोप नको असेल तर जड पाणी सोसणारा थवा निवडा : झेब्रा डॅनिओ दहा-बारा. चपळ, स्वस्त, काटक. झाकण घट्ट हवं, ते उडी मारतात.

प्रश्न : पाच निऑन आहेत. दिवसभर फिल्टरच्या मागे एकमेकांना चिकटून बसतात. दिवा लावला की आणखीच. थव्याने राहतात म्हणजे असंच राहतात का? (कोथरूड)

उत्तर : नाही, ते घाबरलेले आहेत. चिकटून एका दिशेला तोंड करून राहणं ही धोक्याच्या वेळची रीत आहे. शिकारी माशाला झुंडीतला एक मासा टिपणं अवघड जातं, म्हणून धोका वाटला की थवा घट्ट होतो. निवांत निऑन वेगवेगळ्या दिशांना तोंड करून टँकभर सैलसर पसरतात, मधूनच एकत्र येतात, पुन्हा पांगतात. पाचांना आपण थवा आहोत असं वाटतच नाही. सहा ही अगदी किमान संख्या, दहा-बारा झाले की वागणं बदलतं. आणखी सातच निऑन आणा, दुसरा प्रकार नको. तीन निऑन, तीन एम्बर टेट्रा, तीन रासबोरा एकत्र ठेवले तर ते नऊ मासे होतात, थवा एकही होत नाही.

संख्येबरोबर जागाही बघा. टँक चारी बाजूंनी उघडा असेल तर मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. टीव्हीच्या शेजारी किंवा दाराजवळ ठेवला असेल तर हलवा. पाण्यावर तरंगणारी थोडी झाडं ठेवली की वरचा प्रकाश मवाळ होतो. दिवा दिवसातून ६ ते ८ तास पुरे. आधी खोलीतला दिवा लावा, दहा मिनिटांनी टँकचा. अंधारातून एकदम उजेड झाला की छोटे मासे काचेवर आदळतात.

घट्ट थवा पोहताना बघायचाच असेल तर रमीनोज टेट्रा घ्या. ते निवांत असतानाही एकत्र फिरतात. त्यांना तीन फुटी टँक आणि किमान बारा मासे हवेत. त्यांचं लाल नाक फिकं पडलं तर पाणी तपासायची वेळ झाली असं समजा. ही खूण फार उपयोगी आहे.

प्रश्न : सोसायटीत बदामाचं झाड आहे. त्याची पानं टँकमध्ये टाकावीत असं ऐकलं. खरं का? (बिबवेवाडी)

उत्तर : हो, देशी बदामाची. झाडावरून स्वतः गळलेलं, पूर्ण तपकिरी झालेलं पान घ्या. हिरवं किंवा पिवळं नको. झाडावर औषध फवारलेलं नसावं. धुऊन, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून टाका. ४० लिटरला एक पान, महिन्याने बदला. पाणी फिक्या चहासारखं होतं. निऑन, त्याच्यासारखाच दिसणारा कार्डिनल, एम्बर यांच्या मूळ ओढ्यांचं पाणी असंच असतं आणि त्यात त्यांचे रंग खुलतात. पीएच थोडा उतरतो. जड पाण्यात मात्र एका पानाने काही फरक पडत नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यावर फ्लॅट आहे, स्लॅब तापतो. मे महिन्यात टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर जातं. निऑन पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. बर्फ टाकावा का? (हडपसर)

उत्तर : बर्फ नको. तापमान दुपारी चार अंश उतरतं, रात्री पुन्हा चढतं आणि या चढउताराने मासे आजारी पडतात. एक छोटा टेबल फॅन किंवा यूएसबीवरचा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वाहील असा लावा. बाष्पीभवनाने २ ते ४ अंश उतरतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय इथे चांगला चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो इतका चालत नाही. वरची काच काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, म्हणजे हवा खेळेल आणि मासेही बाहेर पडणार नाहीत.

या उपायात पाणी रोज लिटर-दीड लिटर उडतं. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागे राहतात. म्हणून वरचेवर घालायचं पाणी आरओचं घ्या. आठवड्याची पाणीबदली वेगळी, ती नेहमीच्या पाण्याने.

धापा टाकतात त्याचं कारण ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २४ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.४ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. पुणे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे दोन्ही आकडे आणखी सहा टक्क्यांनी कमी धरा. शिवाय उष्णतेने माशांची गरज वाढलेली असते. फिल्टरचं पाणी वरून पडेल अशी पातळी दोन बोटं खाली ठेवा, एअर पंप रात्रंदिवस चालवा, दिवा फक्त संध्याकाळी चार तास लावा, खाणं सकाळी लवकर आणि निम्मं द्या.

खरं सांगायचं तर तुमच्या घराला निऑन हा मासा सोयीचा नाही. त्याला २२ ते २५ अंश आवडतात. कार्डिनल, एम्बर आणि रमीनोज २८ पर्यंत सुखाने राहतात. कार्डिनल दिसायला निऑनसारखाच, फक्त त्याची लाल पट्टी डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण असते. निऑनची मागच्या अर्ध्या अंगावरच असते. पुढच्या वेळी कार्डिनल घ्या. पंखा मात्र त्यांच्यासाठीही लागेल.

प्रश्न : डिसेंबरात निऑनच्या अंगावर मिठाचे कण टाकल्यासारखे ठिपके आले. मासे खडीवर अंग घासतात. हिटर नाही. (औंध)

उत्तर : हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, एक परजीवी. पुण्यात थंडीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास येतं, खोलीतलं पाणीही पहाटे १८-१९ पर्यंत उतरतं. माशांची ताकद कमी झाली की हा परजीवी जोर धरतो.

औषध कसं लागू पडतं ते कळलं तर उपचार चुकत नाही. अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे औषध पोहोचत नाही. तो पोसला की गळून तळाशी जातो, तिथे फुटून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि दोन दिवसांच्या आत त्यांना मासा सापडावा लागतो. औषध मारतं ते या पोहणाऱ्या पिल्लांना. ठिपके गेले की लोक औषध थांबवतात, म्हणून दहा दिवसांनी पुन्हा सगळं सुरू होतं. २५ अंशांना हे चक्र सुमारे आठवड्याचं, थंड पाण्यात कितीतरी लांबतं.

४५ लिटरला ५० वॅटचा हिटर बसवा आणि दर चार तासांनी एक अंश या बेताने २८ पर्यंत न्या. कार्बन असेल तर फिल्टरमधून काढा. मॅलाकाइट ग्रीनचं औषध निऑनसारख्या टेट्रा माशांना बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं द्या, त्यांना पूर्ण मात्रा सोसत नाही. रोज नळीने तळ ओढून घ्या, पाचवा हिस्सा पाणी बदला आणि काढलेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा घाला. शेवटचा ठिपका गेल्यावरही सात दिवस चालू ठेवा. मिथिलिन ब्लू मुख्य टँकमध्ये टाकू नका, त्याने फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि काचेच्या कडांचं सिलिकॉन निळं पडतं ते कायमचं.

हिटरबद्दल दोन गोष्टी. पाणी बदलण्याआधी बटण बंद करून १५ मिनिटं थांबा. गरम हिटर पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते. आणि वायर सॉकेटच्या खाली झोळ येईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. नवे मासे तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायची सवय लावली तर हा रोग घरात सहसा येतच नाही.

प्रश्न : रात्री उठून दिवा लावला तर निऑन पांढरट, रंग उडालेले दिसतात. आजार आहे का? (सदाशिव पेठ)

उत्तर : नाही. अंधारात निऑनचा रंग उतरतोच. उजेडात थोड्या वेळाने परत येतो. काळजी करायची ती दिवसा एखाद्याच माशाचा रंग तुकड्या-तुकड्यांनी जात असेल, तो थव्यापासून वेगळा राहत असेल आणि पुढे पाठीचा कणा वाकडा होत असेल तर. तो स्नायूंमध्ये वाढणारा परजीवी असू शकतो, ज्याला निऑनचा रोग म्हणतात. त्यावर खात्रीचं औषध नाही. असा मासा लगेच वेगळा काढा. मेलेला मासा इतरांनी कुरतडला तर रोग पसरतो, म्हणून मेलेला मासा टँकमध्ये रात्रभरही राहू देऊ नये. तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर आणि दोन-तीन दिवसांत मृत्यू असं असेल तर तो वेगळा, जिवाणूंचा आजार. तो वेळीच ओळखला तर उपचार होतो.

प्रश्न : गुरुवारी पाणी बंद असतं. शुक्रवारी पाणी आलं की मी टँकचं बदलते. अनेकदा त्यानंतर मासे सुस्त होतात. (धनकवडी)

उत्तर : तुमचा वार बदला. रिकाम्या झालेल्या नळांतून शुक्रवारी पहिलं पाणी येतं तेव्हा ते गढूळ असू शकतं, क्लोरीनचा वासही कधी उग्र येतो. पावसाळ्यात तर हे जास्तच. शिवाय दाबाने आलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते. बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले तर ते पाणी थेट टँकमध्ये घालू नये. शनिवारी रात्री बादली भरून ठेवा, त्यात एअर पंपाचा दगड सोडा आणि रविवारी बदला.

अँटी-क्लोरीन घरी करता येतं. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे फोटोच्या धंद्यातला हायपो, १० ग्रॅम खडे १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. १० लिटरच्या बादलीला १ मिलिलिटर, साधारण २० थेंब, पुरतं. वास फार उग्र असेल तर दुप्पट घाला, तेवढ्याने माशांना त्रास होत नाही. गडद बाटलीत ठेवा, दोन-तीन महिन्यांनी नवं करा. बदलीच्या पाण्याचं तापमान टँकपेक्षा दोन अंशांहून जास्त वेगळं नको.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुत असाल तर तेही थांबवा. क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि टँक पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळला की झालं.

प्रश्न : वीज चार-पाच तास गेली तर? (पिंपळे सौदागर)

उत्तर : मासे कमी आणि टँक मोठा असेल तर काही होत नाही. त्या वेळात खाणं देऊ नका. सेलवर चालणारा एअर पंप घरात ठेवा आणि तो स्पंज फिल्टरलाच जोडा, म्हणजे जिवाणूही जगतात. तो नसेल तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून सोडा. बंद डब्याचा, बाहेर ठेवायचा फिल्टर असेल आणि तो कित्येक तास बंद राहिला असेल, तर सुरू करण्याआधी आतलं पाणी फेकून द्या. ते सडलेलं असतं.

प्रश्न : पानशेतच्या बाजूच्या ओढ्यांत छोटे चपळ मासे दिसतात. तेच पकडून पाळले तर? आणि 'मिस केरळ' मासा दोन फुटी टँकमध्ये चालेल का? (वारजे)

उत्तर : ओढ्यातून आणू नका. परजीवी बरोबर येतात, आणि वाहत्या पाण्याला सरावलेला मासा घरच्या टँकमध्ये बहुधा खायलाच तयार होत नाही. देशी थवा हवा असेल तर झेब्रा डॅनिओ आहेच. हा मासा आपल्याच उपखंडाचा, १८२२ मध्ये हॅमिल्टनने त्याचं वर्णन केलं आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळला जातो. दुकानातले सगळे पैदाशीचेच असतात.

मिस केरळ, म्हणजे डेनिसन बार्ब, केरळ आणि कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांपुरताच आहे आणि निसर्गात तो धोक्यात आला आहे. दुकानात बोटभर दिसतो, पण १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि थव्याने वेगात पोहतो. चार फुटांच्या खाली त्याचा विचार नको, आणि पैदाशीचाच आहे याची खात्री असेल तरच घ्या.

याच्या उलट एक विनंती आहे. नको झालेला कुठलाही मासा पाषाण तलावात, कात्रजच्या तळ्यात, मुठेत किंवा विसर्जनाच्या हौदात सोडू नका. त्याला मुक्त केल्याचं समाधान आपल्याला मिळतं, पण तो मरतो तरी किंवा तगून तिथल्या माशांची अंडी खातो तरी. काच साफ करायला म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच सोडून दिलेला भारतातल्या कितीतरी पाणथळ जागांत पसरला आहे.

प्रश्न : गणपतीला आठ दिवस कोकणात जाणार. शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन खाणं घालायला सांगू का? (कर्वेनगर)

उत्तर : पूर्ण वाढलेल्या, धडधाकट माशांना आठ दिवस खाणं नसलं तरी चालतं. शेजारी प्रेमाने जास्त घालतात आणि ते कुजतं, हा धोका उपाशी राहण्यापेक्षा मोठा आहे. पांढऱ्या ठोकळ्यासारखं सुट्टीचं खाद्य टाकू नका, त्याने पाणी बिघडतं. निघण्याच्या दोन दिवस आधी चौथा हिस्सा पाणी बदला, दिवा टायमरवर ६ तास लावा, झाकण नीट बसलं आहे ना ते बघा. शेजाऱ्यांना सांगायचं ते एवढंच : चौथ्या दिवशी येऊन फिल्टर चालू आहे का बघा. मध्ये एकदा घालायचंच असेल तर चिमूटभर खाणं कागदाच्या पुडीत बांधून, पुडीवर वार लिहून द्या आणि डबा कपाटात ठेवा. परत आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच खाणं घाला.